डिझेल इंजिनाचं वेड आणि पर्यायी इंधनं: खान्देशात कशात काय चालतं?

तापीकाठ

मंडळी, डिझेल इंजिन हा माझा शाळकरी वयापासूनचा जिव्हाळ्याचा विषय. चोपड्याकडे आमच्या विहिरीवर दोन मोठ्या फ्लायव्हीलचं, मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांचं राजकोटी इंजिन होतं. व्हॉल्व्ह उचलून हँडल मारायचं, चाकांनी वेग धरला की व्हॉल्व्ह सोडायचा. त्या इंजिनापायी मी आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलं आणि पुढची सगळी नोकरी धुळ्यात पंप-नोझलच्या (इंधन दाबणारा पंप आणि ते सिलिंडरमध्ये फवारणारं तोंड) कामात झाली. आग्रा रोड आणि सुरत-नागपूर रोड धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे पंजाबपासून तामिळनाडूपर्यंतच्या ट्रकांचे पंप आमच्या टेबलावर उघडले जायचे.

हल्ली शेतकरी ग्रुपवर रोज काहीतरी फिरतं. करंजाचं तेल टाका, हॉटेलचं जळकं तेल गाळून टाका, इथेनॉल मिसळा. यातलं काही खरं आहे, काही इंजिन घालवणारं आहे. इंधन चांगलं की वाईट हा प्रश्न अर्धाच असतो. ते कोणत्या इंजिनात जाणार हा उरलेला अर्धा कोणी विचारत नाही. माझं मत स्पष्ट सांगतो: खान्देशात पर्यायी इंधनाची खरी जागा हायवेवरच्या नव्या गाडीत नाही, गिरणी, विहीर, जिनिंग अशा ठिकाणी एका जागी बसून सावकाश चालणाऱ्या इंजिनात आहे.

आधी एक दुरुस्ती करतो. दर १० ऑगस्टला जैवइंधन दिवस असतो आणि मेसेज येतो की १८९३ साली याच दिवशी रुडॉल्फ डिझेलने शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालवलं. त्या तारखेला ऑग्सबर्गमध्ये त्याचं पहिलं इंजिन स्वतःच्या जोरावर फिरलं हे बरोबर, पण शेंगतेलाचा तिथे काही संबंध नव्हता. शेंगतेल आलं १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात. ओट्टो कंपनीचं एक लहान डिझेल इंजिन तिथे त्या तेलावर चाललं, आणि इतकं बिनबोभाट चाललं की फार थोड्यांना ते कळलं. कल्पना फ्रेंच सरकारची होती, कारण त्यांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग भरपूर पिकायचा. हे खुद्द डिझेलनेच १९१२ साली सांगून ठेवलंय. जिथे जे पिकतं, तिथलं इंजिन त्यावर चालावं, हा विचार तेव्हापासूनचा आहे. शिरपूर-चोपड्याच्या भुईमूग-कपाशीच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला तो भिडणारच.

आता टेबलावर काय दिसतं ते सांगतो. नोझल टेस्टरला लावून दांडी दाबली की चांगल्या नोझलमधून डिझेलचं धुकं उडतं आणि दांडीतून हाताला कर्र कर्र अशी थरथर लागते. ती थरथर लागली की नोझल जिवंत आहे समजायचं. त्याच नोझलला गार शेंगतेल द्या. धुकं होतच नाही, सुतळीसारखी धार पडते आणि तोंडाशी थेंब लटकून राहतो. ४० अंश तापमानाला डिझेलचा घट्टपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक असतो, शेंगतेलाचा किंवा सरकीच्या तेलाचा ३५ ते ४० च्या घरात. तेल ऐंशी अंशांपर्यंत तापवलं की फवारा बराच सुधारतो, तरी डिझेलइतका बारीक होत नाही. मोठे थेंब पुरते जळत नाहीत. मग नोझलच्या टोकाला काजळी धरते, रिंगा खाचेत चिकटतात, न जळलेलं तेल खाली उतरतं आणि इंजिन ऑइल डिंकासारखं नाही तरी खिरीच्या जवळपास घट्ट होतं. पहिल्या दिवशी यातलं काहीच दिसत नाही, इंजिन छान चालतं. फिरणारे व्हिडिओ सगळे पहिल्या दिवशीचे असतात. दोन-तीनशे तासांनी हेड उतरवल्यावर काय निघतं ते कुणी दाखवत नाही.

दुसरी गोष्ट पंपाची. जुन्या टाटांवर मायको कंपनीचा इनलाइन पंप असायचा, म्हणजे दर सिलिंडरला वेगळा दट्ट्या असलेला. त्याच्या कॅमला इंजिन ऑइलचं वंगण मिळतं, म्हणून इंधन थोडं वेगळं आलं तरी तो तग धरतो. रोटरी पंपाचं, म्हणजे एकच फिरता रोटर सगळ्या सिलिंडरना इंधन वाटतो त्याचं, तसं नाही. त्याचं सगळं वंगण इंधनातूनच होतं, जागा अगदी बारीक. घट्ट तेल किंवा पाण्याचा अंश आला की रोटर जाम होतो, कधी शाफ्टच तुटतो. त्यामुळे "अमक्याच्या गाडीत चाललं" एवढ्यावर कुणी हात घालू नये. त्या गाडीला पंप कोणता, हे आधी विचारा.

तुमचे अनुभव लिहा. जुन्या गाड्यांच्या आठवणीही चालतील.

बोरीकाठचा

काका, अगदी मनातला विषय काढलात. आमच्याकडे अमळनेरला एन्फिल्डची डिझेल बुलेट होती, टॉरस. ग्रीव्हज लोम्बार्डिनीचं ३२५ सीसीचं, साडेसहा अश्वशक्तीचं इंजिन. पळायची नाही, पण लिटरमध्ये सत्तरच्या पुढे जायची. दुधाचे दोन कॅन आणि मागे माणूस घेऊन ती आयुष्यभर तेवढ्याच वेगात चालली. २००० च्या आसपास ती बनणं बंद झालं.

आणि कमांडर जीप. अडावदपासून वैजापूरच्या पाड्यांपर्यंत रस्ता म्हणजे नुसते दगड, तिथे दुसरं काही जातच नव्हतं. टपावर माणसं, मागच्या फळीवर माणसं, आणि पहिल्या गिअरमध्ये ती चढत राहायची. तिला प्यूजोचं इंजिन असायचं ना? त्यात तेल चालेल का?

तापीकाठ

हो, महिंद्राच्या जुन्या जीपांना प्यूजोच्या परवान्याचं इंजिन होतं. एमएम ५४० ला २११२ सीसीचं एक्सडीपी. मॅटाडोर आणि ट्रॅक्सला मर्सिडीजच्या परवान्याचं ओएम ६१६. या दोन्ही घराण्यांत इंधन थेट पिस्टनवर पडत नाही, आधी शेजारच्या लहान खोलीत पेटतं आणि तिथून मुख्य जागेत येतं. पिंटल नोझल असतं, ते साधारण सव्वाशे-दीडशे बारला उघडतं. अशा इंजिनाला जाडसर इंधन त्यातल्या त्यात पचतं. सकाळी हीटर प्लग लाल होईपर्यंत थांबावं लागायचं, ते याच खोलीसाठी.

थेट इंजेक्शनच्या इंजिनांना नोझलला चार-पाच बारीक भोकं असतात. एक भोक काजळीने अर्धं बुजलं की फवारा तिरका होतो आणि पिस्टन एकाच जागी भाजतो. तिथे जपून. पण प्यूजोवाल्यांनीही पंप बघूनच ठरवावं, कारण त्यातल्या बऱ्याच इंजिनांना रोटरी पंप आहे.

पांझराकाठ

आप्पा, राम राम. आम्हना गावमा गिरणीनं इंजिन बंद पडनं का समदं गाव गोया व्हये. तुम्हीन ती कर्र कर्र लिखी ना, ती मी लहानपने आयकेल शे, काय शे ते आज समजनं. एक इचारस. पहिले लोक डिझेलमा रॉकेल मिसयेत. त्याना खरा तोटा काय व्हये?

तापीकाठ

राम राम भाऊ. रॉकेल पातळ असतं आणि त्यात वंगणाचा गुण फार कमी. पंपातला एलिमेंट (इंधन दाबणारा दट्ट्या) आणि त्याची बाही यांच्यात दोन-तीन मायक्रॉनची फट असते, तिथे ऑइल जात नाही, इंधनच वंगण. रॉकेल गेलं की एलिमेंटवर उभ्या चरा पडतात. चरा पडल्या की दाब गळतो, हँडल मारून मारून इंजिन चालू होत नाही. रेशनचं रॉकेल निळं असायचं. आम्ही पंप उघडला की फिल्टरच्या वाटीतला रंग बघूनच कळायचं.

यातूनच एक चांगली गोष्ट सांगतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा नवा नियम) डिझेल आलं, त्यात गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा. त्याआधीच्या बीएस-४ मध्ये ५० होतं. गंधक काढताना तेलाचा मूळचा वंगणाचा गुणही निघून जातो, म्हणून रिफायनरीत वेगळं औषध घालावं लागतं. आणि एक-दोन टक्के चांगलं बायोडिझेल (वनस्पती तेलावर प्रक्रिया करून केलेलं इंधन) घातलं तरी तो गुण परत येतो. जुन्या पंपांना बायोडिझेलचा सगळ्यात मोठा उपयोग मला हाच वाटतो.

पारोळा_पिकअप

काका, माझा प्रश्न पोटापाण्याचा आहे. बीएस-६ पिकअप आहे, केळी आणि भाजीपाला सुरतेला नेतो. मध्यंतरी हायवेच्या कडेला "बायोडिझेल" अशी पाटी लावून स्वस्तात विकत होते. आमच्या स्टँडवरच्या एकाने ते महिनाभर भरलं. कोंडाईबारीच्या घाटात गाडीने ओढणं सोडलं, चेक लाइट लागला, चारही इंजेक्टर गेले. जेवढं वाचवलं त्याच्या कितीतरी पट खर्च. मग बायोडिझेल वाईट का?

तापीकाठ

भाऊ, ते बायोडिझेल होतं याचीच मला शंका आहे. २०२०-२१ च्या सुमाराला गुजरातपासून आपल्याकडपर्यंत बायोडिझेलच्या नावाखाली बेस ऑइल आणि कारखान्यातली सॉल्व्हंट विकल्याचे कितीतरी छापे पडले. खरं बायोडिझेल तेलबियांपासून किंवा वापरलेल्या तेलापासून होतं आणि त्याला आयएस १५६०७ हा दर्जा लागतो. पाटीवर तो दिसत नसेल, पावती मिळत नसेल, तर कॅन भरायचाच नाही.

पण खरं बायोडिझेल असतं तरी तुमच्या गाडीत शंभर टक्के भरू नका. कॉमन रेलमध्ये, म्हणजे तुमच्या गाडीतल्या सगळ्या इंजेक्टरना इंधन देणाऱ्या सामाईक नळीत, दाब सोळाशे बारच्या पुढे असतो, आपल्या गिरणीच्या इंजिनाचं नोझल दोनशेला उघडतं. शिवाय मागे धुराचा फिल्टर बसवलाय. तो साफ करायला ही इंजिनं पिस्टन खाली जाताना थोडं जादा इंधन सोडतात. डिझेल असेल तर त्याची वाफ होऊन पुढे जाते. बायोडिझेलची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते, ते सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं, आणि टर्बोला पातळ ऑइल मिळतं. आपल्या डिझेलच्या मानकात, आयएस १४६० मध्ये, ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेलला परवानगी आहे. ते पंपावरूनच मिसळून येतं. त्याच्या वर तुम्ही स्वतः काही घालू नका. तुमच्या गाडीला पर्याय हवा असेल तर तो पुढची गाडी घेताना निवडायचा, या टाकीत ओतायचा नाही.

रसायन_शहादा

नमस्कार. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी दरवर्षी करंजाच्या आणि सरकीच्या तेलाचं बायोडिझेल करतात, म्हणून थोडं लिहिते.

तेलाचा रेणू मोठा असतो: ग्लिसरीनला तीन लांब साखळ्या जोडलेल्या. मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घेऊन साठ अंशांच्या आत गरम ठेवून ढवळलं की त्या साखळ्या सुटतात आणि मिथेनॉलला जोडल्या जातात. साधारण लिटरभर तेलाला पाव लिटरपेक्षा थोडं कमी मिथेनॉल लागतं. ढवळणं थांबवलं की काही वेळात भांड्यात दोन थर दिसतात, खाली गडद तपकिरी ग्लिसरीन, वर सोनेरी बायोडिझेल. ज्या विद्यार्थ्याने हे पहिल्यांदा पाहिलं तो तो दिवस विसरत नाही. घट्टपणा ४० वरून ४-५ वर येतो, म्हणजे तापीकाठ काकांचं नोझल आता धुकं करेल. ऊर्जा मात्र लिटरमागे डिझेलपेक्षा सात-आठ टक्के कमी.

दोन अडचणी. करंजाच्या बिया दमट जागी पडून राहिल्या की तेलातलं आम्ल वाढतं. मग सोडा घातला की बायोडिझेलच्या ऐवजी साबण होतो. असं तेल आधी आम्ल वापरून एका वेगळ्या पायरीतून न्यावं लागतं. दुसरी अडचण मिथेनॉलची, आणि इथे मी कळकळीने सांगते: हे घरी करू नका. मिथेनॉल विष आहे, प्यायलं तर डोळे जातात, जीव जातो. त्वचेतून आणि वाफेतूनही शरीरात शिरतं, त्याची ज्योत उजेडात दिसत नाही, आणि ते बाळगायला परवाना लागतो. गावात कॅनमध्ये ठेवलेलं मिथेनॉल कुणीतरी दारू समजून पिऊ शकतं.

जट्रोफाचंही लिहायला हवं. २००३ च्या नियोजन आयोगाच्या अहवालानंतर २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळण्याची स्वप्नं होती. पडीक जमिनीत, पाण्याशिवाय जट्रोफा येतो असं सांगून रोपं वाटली गेली. आपल्याकडे मोगली एरंड बांधाला पूर्वीपासून आहे, शेळ्या खात नाहीत म्हणून लावतात. झाड जगतं, पण पाण्याशिवाय बी भरत नाही. हाती आलेल्या बीला गिऱ्हाईक नाही, आणि बी विषारी, पोरांनी खाल्ली की दवाखाना. साक्री-नवापूर भागात ज्यांनी शेताच्या तुकड्यावर ती लावली त्यांची दोन-तीन वर्षं फुकट गेली. २०१८ च्या नव्या धोरणात डिझेलसाठी उद्दिष्ट २०३० पर्यंत ५ टक्के इतकं खाली आलं आणि भर वापरलेल्या खाद्यतेलावर गेला. ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं. तळून तळून तेलातले पोलर घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यात आणायला बंदी आहे. ते गाड्यांच्या टाकीत गेलं तर निदान पुन्हा भज्यांच्या कढईत येणार नाही.

पीजे_भुसावळ

रेल्वेचा विषय कसा नाही निघाला? आमच्या भागातली पाचोरा-जामनेर, सगळ्यांची पीजे. छप्पन्न किलोमीटर, अरुंद रूळ, आधी वाफेवर आणि मग छोट्या डिझेल इंजिनावर. करोनाच्या वर्षी थांबली.

मोठ्या मार्गावर उधना-जळगाव लाइनला तारा येईपर्यंत डिझेलच होतं. डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचा आवाज नंदुरबारहून गाडी निघाली की ओळखू यायचा. मूळ अमेरिकन अल्कोचं डिझाइन, पुढे वाराणसीला बनायला लागलं, १६ सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. त्यातलं डिझेल इंजिन चाकांना जोडलेलंच नसतं हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. ते जनरेटर फिरवतं, आणि चाकं विजेच्या मोटरने फिरतात. २००२ च्या अखेरीस दिल्ली-अमृतसर शताब्दी ५ टक्के बायोडिझेलवर चालवून पाहिली होती. आता विद्युतीकरणच एवढं झालंय की रेल्वेत त्या प्रयोगांना जागा कमी उरली.

जळगाव_मेकॅनिकल

मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन मुद्दे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं, तर डिझेलमध्ये का नाही? आणि मोठा मुद्दा: सौर पंप मिळतायत, विजेच्या गाड्या येतायत, मग डिझेल इंजिनाला पर्यायी इंधन शोधण्यात वेळ का घालवायचा?

तापीकाठ

पहिल्याचं उत्तर तुमच्या पुस्तकातच आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधनाने आपण होऊन पेटायला हवं, आणि तो गुण सिटेन आकड्याने मोजतात. आपल्या डिझेलचा सिटेन किमान ५१, इथेनॉलचा दहाच्याही खाली. ते उशिरा पेटतं, मग एकदम पेटतं, इंजिन ठोकतं. शिवाय थोडं पाणी शिरलं की डिझेलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. त्यामुळे आता आयसोब्युटेनॉल या दुसऱ्या अल्कोहोलच्या चाचण्या चालल्यात, ते डिझेलमध्ये नीट मिसळतं. सिटेन त्याचाही कमीच, पण थोड्या प्रमाणात बघताहेत.

दुसऱ्यावर मी तुमच्याशी बराचसा सहमत आहे. विहिरीवर सौर पंप मिळत असेल तर बिनदिक्कत घ्या. राज्याच्या योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. दिवसा पाणी, रात्री सापाकिरड्याची भीती नाही, खर्च नाही. आमच्या विहिरीवर तेच बसलंय आणि मला आनंद आहे. पण जिनिंगच्या हंगामात रात्री लागणारी ताकद, पाड्यावरची पिठाची गिरणी, पावसाळ्यात आठ-आठ दिवस गेलेली वीज, मळणी यंत्र, ट्रॅक्टर, यांचं काय करणार? तिथे डिझेल अजून बराच काळ आहे. तेवढ्यापुरतं ते जागच्या जागी पिकलेल्या गोष्टींवर चाललं, तर गावाचा पैसा गावात राहतो.

आणि यात सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट गॅसची आहे. पाच अश्वशक्तीचं साधं किर्लोस्कर घ्या. हवेच्या नळीत टी बसवून गोबरगॅस सोडा. इंजिन हवेबरोबर गॅस ओढतं, नोझल फक्त पेटवण्यापुरतं डिझेल सोडतं. गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग, आपोआप डिझेल कमी करतो, त्याला काही सांगावं लागत नाही. नीट जमलं तर तीन चतुर्थांश डिझेल वाचतं. रावेर-यावलमध्ये केळीचे खांब बांधावर कुजत पडतात. बारीक तुकडे करून शेणाबरोबर गॅस प्लँटमध्ये घातले तर गॅस देतात. काळजी एकच, त्यातला गंधकयुक्त वायू लोखंडाच्या किसातून गाळायचा, नाही तर तांब्या-पितळेच्या बुशा खाऊन टाकतो.

पऱ्हाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचं, असंच. हंगाम संपला की त्या शेतातच पेटवतात, सगळा आसमंत धुराचा. त्याच पऱ्हाट्या तुकडे करून कमी हवेत जाळल्या की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचा जळाऊ गॅस निघतो. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा आपल्या देशातल्या मोटारी मागे कोळशाची भट्टी लावून याच गॅसवर धावत होत्या. आमचे आजोबा त्यांना कोळशाची मोटार म्हणायचे. इंजिनाची ताकद थोडी घटते, आणि गॅसमधलं डांबर नीट गाळलं नाही तर व्हॉल्व्ह चिकटून बसतात. भट्टी मोकळ्या जागेतच हवी, बंद खोलीत हा वायू माणूस मारतो. जिनिंगच्या आवारात जागा आहे, पऱ्हाटी दारात आहे, माणूस आहे. तिथे हे करायला हवं.

जळगाव_मेकॅनिकल

काका, गव्हर्नर आपोआप डिझेल कमी करतो हे डोक्यात नव्हतं आलं. वेग वाढायला लागला की तो रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) मागे ओढणारच. प्रोजेक्टचा विषय सापडला. कॉलेजच्या लॅबमध्ये तेच इंजिन आहे, ८० मिलिमीटर बोअर, ११० स्ट्रोक.

धडगाव_वाट

आप्पा, मी धडगावकडे पाड्यांवर काम करतो. एका पाड्यावर बचत गटाच्या बायांची पिठाची गिरणी आहे, वर तुम्ही लिहिलंय तसंच सावकाश फिरणारं दोन चाकांचं इंजिन. डिझेल खालून कॅनने येतं, पावसाळ्यात ते पण नाही. ओढ्याकाठी करंज पुष्कळ, उन्हाळ्यात शेंगा वाळून पडतात. मोहाची टोळंबी (फळं, त्यांच्या बियांचं तेल निघतं) पण भरपूर. दोन्हीतलं काय वापरावं? मिथेनॉलचं वाचलं, ते करणार नाही.

रसायन_शहादा

दादा, मोहाचं तेल पंचवीस अंशांच्या खाली थिजायला लागतं. तुमच्याकडे डिसेंबरात पहाटे काय थंडी असते ते तुम्ही जाणता, नळीत मेण बसेल. आणि ते घरात खाल्लं जातं, बायाबापड्यांच्या स्वयंपाकातलं तेल इंजिनात घालणं मला पटत नाही. करंज घ्या. तेल कडू, खाण्यात नाही, मोहाइतकं लवकर थिजत नाही. चार किलो बियांमागे साधारण लिटरभर तेल धरा, घाणीवर थोडं कमी. पेंड शेताला उत्तम खत. बिया पावसाच्या आधी गोळा करून कोरड्या ठेवा.

तापीकाठ

मॅडमनी सांगितलं त्याला पूर्ण अनुमोदन. धडगाववाले भाऊ, तुमचं इंजिन या कामाला सगळ्यात योग्य आहे, सावकाश फिरतं, त्याला जळायला वेळ मिळतो. पण एकदम पूर्ण तेलावर जाऊ नका. असं करा.

घाणीचं तेल आठवडाभर उंच पिंपात ठेवा, वरचंच घ्या, मग जाड सुती कापडातून आणि शेवटी साध्या डिझेल फिल्टरमधून गाळा. पाण्याचा अंश कळायला थोडं तेल तव्यावर तापवा, तडतडलं तर पाणी आहे. पहिला महिना चार भाग डिझेल, एक भाग करंज तेल, एवढंच मिश्रण. दोन कॅन टांगा आणि खाली दोन्हीकडे वळणारा कॉक बसवा. इंजिन नेहमी साध्या डिझेलवर चालू करायचं, इंजिन थंड ठेवणाऱ्या हौदाचं पाणी हाताला चटका देईपर्यंत तापलं की मिश्रणावर वळवायचं, आणि बंद करण्याआधी दहा मिनिटं पुन्हा डिझेलवर. बंद करताना नोझलमध्ये घट्ट तेल राहता कामा नये, सगळं गणित तिथे आहे. मिश्रणाची नळी सायलेन्सरच्या जवळून, पण न टेकवता न्या, तेवढ्यानेच तेल बरंच पातळ होतं. इंजिन ऑइल नेहमीच्या निम्म्या तासांना बदला, आणि बोटांत चोळून बघत जा.

खपत मोजायची तर एकाच धान्यावर मोजा. लिटरच्या बाटलीतून इंधन द्या आणि तेवढ्यात किती ज्वारी दळली ते तोलून वहीत लिहा. आधी डिझेलचं, मग मिश्रणाचं. बायांपैकी जी गिरणी चालवते तिलाच हे लिहायला सांगा, आवाज बदलला तर तिलाच आधी कळेल.

शंभर तास झाले की नोझल काढा. पुसू नका, घासू नका, आहे तसंच फडक्यात बांधून एसटीने धुळ्याला पाठवा. टेस्टरवर लावून फवाऱ्याचे आणि टोकावरच्या काजळीचे फोटो याच धाग्यावर टाकतो, म्हणजे प्रमाण वाढवायचं की तिथेच थांबायचं ते सगळ्यांसमोर ठरवता येईल. तोवर गिरणीवर दुसरं नोझल बसवायला माझ्याकडचं एक तपासून आधीच पाठवतो, दळण थांबायला नको.